इयागो नसता तर ऑथेल्लो वाचला असता का?

तिसरी_घंटा

शोकनाटकातला खलनायक म्हटला की शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तल्या इयागोचं नाव पहिलं निघतं. सगळं त्याने केलं, त्याचा सेनापती ऑथेल्लो बिचारा फसला आणि निष्पाप बायको डेस्डेमोनाला मारून बसला, हा आपला ठरलेला निकाल. मला तो पटत नाही, म्हणून हा धागा.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश बघा. सुरुवातीला ऑथेल्लो बायकोला सांगतो, तुला मी काहीही नाकारणार नाही. त्याच प्रवेशाच्या शेवटी तो इयागोला बजावतो की आपला दुय्यम अधिकारी कॅसिओ मेल्याची बातमी तीन दिवसांत कानावर आली पाहिजे. डेस्डेमोनाला झटपट मारायचं साधन शोधायला तो स्वतः आत निघून जातो. मध्ये ना घरं बदलली, ना दिवस उलटले. दोन पुरुष उभ्याउभ्या बोलले, एवढंच.

आणि इयागो बोलतो तरी किती? कॅसिओ डेस्डेमोनापाशी बोलून घाईने निघून जाताना दिसतो. इयागो पुटपुटतो, ‘हे काही बरं नाही.’ काय म्हणालास? ‘काही नाही महाराज. किंवा... नाही, मला नाही सांगता येणार.’ मग थोड्या वेळाने विचारतो, तुमचं प्रेम जमलं तेव्हा कॅसिओला त्याची माहिती होती का? होती, का रे? ‘सहज. माझ्या मनाच्या समाधानासाठी.’ कॅसिओ प्रामाणिक नाही का, असं ऑथेल्लो विचारतो, तर हा तोच शब्द प्रश्नार्थक करून परत टाकतो. शेवटी ऑथेल्लोच वैतागतो, की माझेच शब्द काय मला ऐकवतोयस.

कॅसिओ झोपेत काय बरळला ही थाप, ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेल्या रुमालाने कॅसिओला दाढी पुसताना पाहिलं ही थाप, या सगळ्या नंतरच्या. त्या येईपर्यंत ऑथेल्लो हातचा गेलेला असतो. इयागोने वाक्यं अर्धी सोडली आणि ऑथेल्लोने ती पुरी केली, असं मला दिसतं.

तर प्रश्न असा: इयागोला नाटकातून काढून टाकलं, तर ही दोघं सुखाने नांदली असती का? इतर शोकनाटकांतले दाखले आले तर फारच आनंद होईल.

नेपथ्य

नांदली असती. अगदी निश्चित.

तुम्ही एका प्रवेशावर निकाल देताय. त्याआधीचे दोन अंक इयागोने तयारीत घालवलेत ते कुठे गेले? सायप्रसला पोचल्या रात्री तो दारू न सोसणाऱ्या कॅसिओला आग्रह करकरून पाजतो आणि डेस्डेमोनावर भाळलेल्या रॉडरिगोला त्याच्या अंगावर सोडतो. मारामारीत सायप्रसचा अधिकारी माँटानो जखमी होतो, ऑथेल्लो उठून येतो, कॅसिओचं पद जातं. मग हाच इयागो कॅसिओला सांगतो, बाईसाहेबांना गळ घाल, त्या रदबदली करतील. सल्ला अगदी चोख आहे, कुणीही हाच दिला असता. डेस्डेमोना ते काम जीव लावून अंगावर घेते. आज रात्री भेटतोस त्याला? उद्या जेवताना? बरं, मंगळवारी सकाळी? दुपारी? रात्री? नाहीतर बुधवारी सकाळी तरी? नवऱ्याची पाठ सोडत नाही ती.

म्हणजे तुमचा तिसरा प्रवेश सुरू होतो तेव्हा कॅसिओ चोरासारखा सटकतोय आणि बायको त्याचीच तरफदारी करतेय, हे दृश्य इयागोने आधीच मांडून ठेवलंय. म्हणून त्याला कमी बोलून भागतं.

ओवी

काय सुंदर विषय काढलात! रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहीन.

विंगेतला

ओवी, बाकी कुठल्याही धाग्यावर खुशाल टाक. या धाग्यावर रुमाल टाकून जायचं म्हणजे जोखीम आहे. :)

अवंती

नेपथ्य, तयारी इयागोची हे मान्य. पण तयारी चालली कुणावर, तेही पाहायला हवं.

पहिल्या अंकात ऑथेल्लो व्हेनिसच्या दरबारात उभा आहे. ज्या ब्रॅबान्शिओने त्याला घरी बोलावून बोलावून त्याच्या आयुष्याच्या कहाण्या ऐकल्या, तोच आता म्हणतोय की माझी मुलगी जादूटोण्याशिवाय याच्याकडे बघणंच शक्य नाही. पाहुणा म्हणून चालतो, जावई म्हणून नाही. दरबार ऑथेल्लोच्या बाजूने कौल देतो खरा, पण त्याच रात्री तुर्की आरमार सायप्रसवर चालून येतंय आणि दरबाराला सेनापती हवाय, ही गोष्ट ऑथेल्लोला कळत नसेल का?

जाताना ब्रॅबान्शिओ बजावून जातो: हिच्यावर नजर ठेव, बापाला फसवलं तिने, तुलाही फसवेल. ऑथेल्लो त्यावर म्हणतो, तिच्या निष्ठेवर माझा जीव पणाला लावतो. हे वाक्य इयागो ऐकतोय आणि जपून ठेवतोय. तिसऱ्या अंकात तो तेच काढतो, तुमच्याशी लग्न करताना तिने बापाला फसवलंच होतं. ऑथेल्लो म्हणतो, ‘खरंच की.’ मला तर सगळ्या नाटकात ही जागा सर्वांत भयंकर वाटते.

त्याहून विषारी एक वाक्य आहे. इयागो म्हणतो, आमच्या मुलखाच्या बायकांचा स्वभाव मला ठाऊक आहे, जे नवऱ्याला दाखवायची छाती होत नाही ते त्या देवाला खुशाल बघू देतात. आता ऑथेल्लोने याची शहानिशा कुणाकडे करायची? सगळं आयुष्य छावण्यांमध्ये गेलेलं, त्या शहरात त्याचं आपलं म्हणावं असं एक माणूस नाही. पुढे तो एकटा असताना स्वतःच यादी करतो: मी काळा आहे, मला दरबारी गोड बोलणं येत नाही, वय उतरणीला लागलंय. ही यादी इयागोने नाही दिली त्याला. ती व्हेनिसने दिली.

विंगेतला

+१. परका माणूस घरातल्या भेद्याच्या मुठीत लवकर सापडतो.

जुना_प्रेक्षक

अवंतीताईंनी फार मोलाचं लिहिलंय. मी मराठी रंगभूमीच्या अंगाने थोडं मांडतो.

गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘झुंझारराव’ या नावाने ऑथेल्लो मराठीत आणला. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी झुंझारराव करत. पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. याच देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं, आणि १९१६ मध्ये ते ‘संशयकल्लोळ’ होऊन संगीतासकट अवतरलं. म्हणजे संशयाचं शोकनाटक आणि संशयाचं प्रहसन एकाच लेखणीतून उतरलंय.

दोन्ही शेजारी ठेवून वाचा. तिकडे रुमाल, इकडे आश्विनशेठची तसबीर. तिकडे रुमाल डेस्डेमोनाच्या हातून पडतो आणि इयागोची बायको एमिलिया उचलते. इकडे रेवतीला घेरी येते, तसबीर पडते आणि ती फाल्गुनरावाची बायको कृत्तिका उचलते. पुढे एकाच वस्तूवरून दोन्हीकडे घर पेटतं. पण ‘संशयकल्लोळ’मध्ये कुणी मरत नाही. का? तिथे खलनायक नाही हे एक कारण, पण मला त्याहून मोठं कारण दिसतं. फाल्गुनराव मनात काही ठेवतच नाही. संशय आला की त्याने बोंब ठोकलीच, आणि कृत्तिकाही काही कमी नाही. सगळे एकमेकांना तोंडावर विचारतात, ओरडतात, हमरीतुमरीवर येतात, आणि बोलण्याच्या त्या रेट्यातच गाठ सुटते.

ऑथेल्लो कधी विचारतो? डेस्डेमोनाच्या तोंडावर कॅसिओचं नाव घेऊन आरोप तो पहिल्यांदा करतो तो पाचव्या अंकात, तिला मारायला आल्यावर. त्याआधी रुमाल मागतो, चारचौघांत तिच्या तोंडात मारतो, तिला वेश्या म्हणतो. ती काकुळतीने विचारते, माझ्या नकळत माझ्या हातून कोणतं पाप घडलं ते तरी सांगा. तो सांगत नाही! शेवटी जेव्हा नाव घेतो, तेव्हा ती म्हणते, त्याला बोलावून विचारा. तर म्हणे त्याचं तोंड कायमचं बंद झालंय.

माझ्या लेखी मूळ घात तिथे आहे. संशय कुणालाही येतो. सेनापतीला शत्रूच्या हालचालींची खबर गुप्त ठेवायची सवय, आणि ती त्याने घरात वापरली.

मनमोकळा

काका, शेवटचा परिच्छेद कातरून ठेवलाय.

सूत्रधार

तंत्राबद्दल एक भर घालतो. लपवण्याचं नाटक करून दाखवण्याची ही युक्ती शेक्सपिअरने ‘किंग लिअर’मध्येही वापरलीय. एडमंड खोटं पत्र हातात धरून उभा असतो. बाप आला की घाईघाईने खिशात कोंबतो. काय वाचत होतास? काही नाही. मग खिशात कोंबायची एवढी घाई कसली, असं म्हणून म्हातारा स्वतः पत्र हिसकावून घेतो, आणि बघता बघता थोरल्या मुलाला शत्रू ठरवून मोकळा होतो. दोन्ही ठिकाणी पहिला शब्द तोच, ‘काही नाही’. माणूस जे स्वतः हिसकावून मिळवतो त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

आपल्याकडे खाडिलकरांच्या ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’मधला केशवशास्त्री याच घराण्यातला.

बकुळ

इयागोला हे करायचं तरी का होतं, यावर कुणीच बोललं नाही अजून.

कारणं तो स्वतःच सांगतो आणि सारखी बदलतो. आधी म्हणतो, लढाईचा अनुभव नसलेल्या, आकडेमोड करणाऱ्या कॅसिओला बढती मिळाली आणि मी तसाच राहिलो. मग म्हणतो, ऑथेल्लोचं माझ्या बायकोशी काहीतरी आहे अशी कुजबुज आहे, खरं-खोटं ठाऊक नाही पण खरंच धरून चालतो. पुढे कॅसिओचाही तसाच संशय घेतो. मध्येच सांगतो की डेस्डेमोना मलाही आवडते. इंग्रज कवी-टीकाकार कोलरिजने यावरून म्हटलं की याच्या दुष्टपणाला हेतू नाहीच, हा हेतू शोधत फिरतोय. पुष्कळांना ते पटतं. मला अर्धंच पटतं.

मूळ गोष्ट इटालियन, जिराल्डी चिंतिओच्या १५६५ च्या कथासंग्रहातली. तिथे या माणसाला नावही नाही, नुसता निशाणधारी. त्याचा हेतू सरळ आहे: तो डिस्डेमोनावर भाळलेला, तिने लक्ष दिलं नाही, म्हणून सूड. रुमालही तोच चोरतो, ती त्याच्या लहान मुलीला कडेवर घेऊन लाड करत असताना. खून दोघं मिळून करतात, वाळू भरलेल्या मोज्याने मारून वर छत पाडतात, अपघात दिसावा म्हणून. अंगावर काटा येतो वाचताना, पण कोडं काही पडत नाही. शेक्सपिअरने तो सरळ हेतू काढून घेतला आणि त्याच्या जागी चार अर्धवट हेतू ठेवले.

माझ्या मते खरा हेतू पाचव्या अंकात त्याच्या तोंडून निसटतो. अंधारात कॅसिओला मारायला टपून बसलेला असताना तो म्हणतो, कॅसिओ जिवंत राहिला तर त्याच्या जगण्यात रोजचं असं एक सौंदर्य आहे, की त्यापुढे मी कुरूप दिसतो. हे तो कुणाला पटवायला बोलत नाही. ऑथेल्लोला भीती आहे की आपलं माणूस आपल्या हातून जाईल. इयागोपाशी जाण्यासारखं काहीच नाही, त्याला दुसऱ्याजवळ असलेलं चांगलं बघवत नाही. ऑथेल्लोचा जाळ पुराव्याने विझू शकला असता. इयागोच्या जळफळाटाला कसला पुरावा देणार?

तिसरी_घंटा

बकुळ, ‘रोजचं सौंदर्य’ या वाक्यावर इतकं थांबून विचार केला नव्हता कुणी, निदान माझ्या वाचनात. मनापासून आभार.

ओवी

आले! रुमाल जागेवर आहे. :)

जुनेकाका, तोंडावर विचारलं की वाचतो, हे सुखान्तिकेत खरं. मला दोन शोकनायिका आठवल्या, ज्यांना खरं कळलं आणि तरी घात टळला नाही.

पहिली ग्रीक नाटककार सोफोक्लिसची दियानिरा, ‘ट्रॅकिसच्या स्त्रिया’ मधली. तिच्या नवऱ्याने, हेराक्लीसने, युद्धात जिंकलेल्या बायकांमध्ये इओली आहे आणि तिच्यासाठीच ते गाव बेचिराख झालं, हे तिच्यापासून लपवलं जातं. ती निरोप्याला खोदून खोदून विचारते, सत्य सहन करण्याची माझी ताकद आहे म्हणते, आणि सत्य काढून घेते. थयथयाट नाही. इओलीबद्दल तिला कणवही वाटते. आणि तरीही, एकाच पांघरुणाखाली आम्ही दोघी, हे तिला सोसवत नाही. मग पूर्वी नेसस नावाच्या नराश्वाने मरताना दिलेलं त्याचं रक्त ती वशीकरण समजून वस्त्राला लावते आणि ते नवऱ्याला पाठवते. पाठवून झाल्यावर, ज्या लोकरीच्या पुंजक्याने रक्त लावलं तो उन्हात पडलेला तिला दिसतो. तो विरघळून लाकडाच्या भुशासारखा झालाय, आणि खालची जमीन फेसाळतेय. तिला त्या क्षणी सगळं कळतं. पण वस्त्र केव्हाच गेलेलं असतं. मुलगा येऊन बापाचे हाल सांगतो, तुझ्यामुळे झालं म्हणतो, आणि ती एक अक्षर न बोलता आत जाते.

दुसरी फ्रेंच नाटककार रासीनची फेद्र, १६७७. सावत्र मुलावर, हिप्पोलीतवर, तिचा जीव जडलाय. दाईने त्याच्यावर उलटा आळ घेतलाय आणि बापाने त्याला शाप दिलाय. फेद्रला पश्चात्ताप होतो, त्याला वाचवायला ती नवऱ्याकडे येते. खरं सांगणार, एवढ्यात नवरा बोलून जातो की मुलगा म्हणतो माझं आरिसीवर प्रेम आहे. झालं! तोंडाशी आलेलं सत्य ती गिळते. मत्सराला तिथे एकच क्षण पुरतो. वाचवणारा शब्द ओठांवरून परत फिरतो आणि पोरगा मरतो.

दोन्हीकडे कान भरणारा कुणी शेजारी उभा नाही. म्हणून माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने.

नेपथ्य

ओवी, लिहिलंय अप्रतिम. पण तुझेच दाखले तुझ्या विरुद्ध जातात! नेससला हेराक्लीसच्या बाणाने मरण आलं आणि मरताना त्याने त्याच्याच बायकोच्या हातात विष ठेवलं, वर प्रेमाचं औषध म्हणून सांगितलं. मेल्यानंतर एवढ्या वर्षांनी सूड साधणारा खलनायक इयागोपेक्षा कमी म्हणायचा? आणि फेद्रच्या नाटकात आळ घेणारी दाई, एनोन, ती कोण? तिचा हेतू मालकिणीला वाचवायचा असेल, काम इयागोचंच झालं.

सूत्रधार

खलनायक अजिबात नसलेलं उदाहरण हवं असेल तर शेक्सपिअरचंच ‘द विंटर्स टेल’ घ्या. लिऑन्टिझला कुणी काही सांगत नाही. बायको हर्मायनी त्याच्याच सांगण्यावरून पाहुण्याला थांबण्याचा आग्रह करते, पाहुणा थांबतो, आणि याचं डोकं फिरतं. सगळा दरबार तिच्या बाजूने आहे. डेल्फीच्या देवाचा कौल येतो की ती निर्दोष आहे, तर हा म्हणतो कौल खोटा. त्याच क्षणी मुलगा गेल्याची बातमी येते. नेपथ्य, इथे इयागो कुठे आहे?

नेपथ्य

इथे नाही, कबूल. पण ते शोकनाटकही नाही. सोळा वर्षांनी का होईना, बायको परत मिळते.

अवंती

ती परत मिळते ती तिच्या सखीमुळे, पॉलिनामुळे. राजाच्या तोंडावर, दरबारात, तान्ही मुलगी त्याच्यापुढे ठेवून ती त्याला खडे बोल सुनावते, नवरा आवरत असतानाही. ऑथेल्लोच्या घरात पॉलिना नाही. तिथे एमिलिया आहे, आणि तिला बोलायला फार उशीर होतो.

पिंपळपान

एमिलियाचं नाव निघालं, आता गप्प बसवत नाही. आमच्या हौशी गटाने या नाटकाचे निवडक प्रवेश केले तेव्हा मी एमिलिया केली होती. तालमीत आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशाने. वाचताना तो पटकन सरून जातो, उभा करायला गेलं की घाम फुटतो.

आधीच्या प्रवेशात तिने रुमाल उचलून नवऱ्याला दिलाय. त्याने शंभरदा मागितला होता, त्याची लहर राखायची म्हणून. देताना ती अडखळते, काही महत्त्वाचं काम नसेल तर परत दे, बिचारी वेडी होईल रुमाल दिसला नाही तर. तो म्हणतो, तुला यातलं काही माहीत नाही असं धर, आणि तिला घालवून देतो. मग चौथ्या प्रवेशात डेस्डेमोना थेट तिलाच विचारते, रुमाल कुठे पडला असेल गं? ती म्हणते, मला नाही माहीत, बाईसाहेब. लगेच ऑथेल्लो येतो. रुमाल मागतो. जवळ नाही म्हटल्यावर त्या रुमालाची हकिकत सांगतो: एका मिसरी जादूगारणीने तो माझ्या आईला दिला, हरवला तर प्रेम संपेल. डेस्डेमोना घाबरून म्हणते हरवलेला नाही. तो ‘रुमाल!’, ती कॅसिओचा विषय काढते, तो पुन्हा ‘रुमाल!’

या सगळ्या वेळात एमिलिया रंगमंचावर उभी आहे. तिला एक वाक्य नाही. ‘तो माझ्या नवऱ्याकडे आहे’ एवढं म्हटलं असतं तर नाटक तिथेच संपलं असतं. तो गेल्यावर ती म्हणते काय, तर हा माणूस मत्सरी नाही का?

आमच्या दिग्दर्शिकेने मला विचारलं, तू गप्प का आहेस ते ठरव, नाहीतर प्रेक्षक तुला माफ करणार नाहीत. मी ठरवलं की ती नवऱ्याला भितेय. मारहाणीला नाही, तो तिच्याशी चार शब्द नीट बोलतो ते बंद होतील याला. रुमाल देताना तिला मिळालेला तो एकुलता एक कौतुकाचा क्षण होता. ते धरून उभी राहिले तेव्हा कुठे तो प्रवेश माझ्या अंगात आला.

मनमोकळा

बाप रे. हा प्रवेश पुन्हा वाचायला घेतो.

बकुळ

पिंपळपान, फार आवडलं. फक्त ‘माफ’ करण्याबद्दल माझं मन अजून कठोर आहे. चौथ्या अंकात एमिलिया स्वतःच ओरडून म्हणते, कुणीतरी नीच, लबाड, कसलीशी जागा पटकावू पाहणाऱ्या हरामखोराने हा आळ रचलाय, तसं नसेल तर मला फाशी द्या. म्हणजे तिने अगदी नेमकं ओळखलं. आणि समोर उभा कोण? इयागो! तो म्हणतो, छे, असा माणूस असणं शक्यच नाही. एवढं कळूनही तिला रुमाल आठवत नाही?

अवंती

बकुळ, आठवत नाही कारण तसं आठवलं तर तिला आपल्या घरी परतता येणार नाही. आणि ही माझी कल्पना नाही, पाचव्या अंकात ती स्वतःच बोलते. खून उघडकीला आल्यावर इयागो तिला घरी जा म्हणतो. ती म्हणते, नवऱ्याचं ऐकणं योग्य आहे, पण आत्ता नाही. कदाचित मी आता घरी कधीच जाणार नाही. मग सगळं सांगून टाकते आणि तो तिला तिथेच भोसकतो. ज्या क्षणी बोलली त्या क्षणी मेली. तिच्या आधीच्या गप्प राहण्याचा हिशेब तो आहे.

आणखी एक. ऑथेल्लोने एमिलियाला विचारलं नाही असं नाही. चौथ्या अंकात तो तिला खोदून विचारतो, तू काही पाहिलंस? कधीच नाही, ती शपथेवर सांगते, ती निष्कलंक आहे, हवं तर माझा आत्मा पणाला लावते. ती बाहेर गेल्यावर तो म्हणतो, कुठलीही कुंटीण एवढं सांगेलच. जुनेकाका, इथे तुमचा मुद्दा थोडा वाढवावा लागेल. त्याने विचारलं, खरं उत्तर मिळालं, आणि त्याने ते टाकून दिलं.

जुना_प्रेक्षक

वाढवतो, आनंदाने. एमिलियाला विचारणं ही चौकशी झाली. ज्याच्यावर आरोप त्याला विचारणं हा संसार. त्याने दुसरं केलं नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

विंगेतला

थोडं अवांतर. टॉमस रायमर नावाच्या टीकाकाराने १६९३ मध्ये या नाटकाची यथेच्छ धुलाई केली होती, की एका रुमालावरून एवढा गोंधळ, यातून बायकांनी कपडे नीट सांभाळावेत एवढाच बोध! मला नेहमी वाटतं की त्याला संशयाने पोखरलेलं माणूस कधी जवळून दिसलंच नसावं. वस्तू जेवढी क्षुल्लक तेवढा संशय तिला घट्ट चिकटतो. मोठ्या पुराव्याची निदान तपासणी होते.

आणि रुमालाची एक गंमत: तिसऱ्या अंकात तो जादूगारणीने आईला दिलेला असतो, पाचव्यात ऑथेल्लो म्हणतो, माझ्या बापाने आईला दिलेली ती जुनी खूण. तेव्हा जादूची गोष्ट बायकोला धमकावायला रचली होती का, हे मला जाणकारांकडून ऐकायला आवडेल.

सूत्रधार

विंगेतला, मला वाटतं रचली होती. आणि तसं असेल तर खोटं बोलण्यात ऑथेल्लो तोवर इयागोचा शागीर्द झालेला आहे.

अवांतरात अवांतर: वेळेचा हिशेबही जुळत नाही. सायप्रसला पोचल्यापासून खुनापर्यंत जेमतेम दीड दिवस जातो, मग कॅसिओ आणि डेस्डेमोना भेटले कधी? पण त्याच वेळी कॅसिओची प्रेयसी बियांका त्याला विचारते, आठवडाभर कुठे होतास, सात दिवस सात रात्री! नाटकात दोन घड्याळं चालू आहेत. रंगमंचावर हे जाणवत नाही, आणि माझ्या मते ते मुद्दाम आहे. ऑथेल्लोला थांबून हिशेब करायला सवड मिळाली असती तर आरोप तिथेच कोसळला असता.

ओवी

आणि अभिनयाचं काय? इयागोला ऑथेल्लोपेक्षा जास्त ओळी आहेत आणि तो सारखा प्रेक्षकांशी बोलतो. १८८१ मध्ये लंडनला हेन्री अर्व्हिंग आणि एडविन बूथ या दोन भूमिका आलटूनपालटून करायचे. १९५६ मध्ये तिथल्याच ओल्ड व्हिक नाट्यगृहात रिचर्ड बर्टन आणि जॉन नेव्हिल यांनीही तेच केलं. एकाच नटाला दोन्ही जमतात, यावरूनच ही दोन माणसं एकमेकांच्या किती जवळची आहेत ते दिसतं.

नेपथ्य

किंवा नट थोर होते एवढंच दिसतं. :)

तिसरी_घंटा

सगळ्यांचं वाचून मूळ प्रश्नाकडे येतो.

नेपथ्य, इयागोशिवाय ऑथेल्लो तसाच कोसळला असता, असं आता मी म्हणणार नाही. लिऑन्टिझसारखा तो आपल्या आपण पेटणारा नाही. पण तुमचं ‘निश्चित’ मला अजूनही मान्य नाही. ऑथेल्लो इयागोला म्हणतो, एकदा शंका आली की एकदाच काय तो निकाल. आणि, मी पाहीन मग शंका घेईन, शंका घेतली की पुरावा मिळवीन, पुरावा मिळाला की प्रेम तरी संपेल नाहीतर संशय तरी. हे वाक्य किती समंजस वाटतं! पण अनिश्चित अवस्थेत एक रात्रही काढायची त्याची तयारी नाही, असंच त्यात म्हटलंय. फाल्गुनराव सगळं नाटकभर अनिश्चित राहतो, म्हणून त्याची बायको जिवंत राहते. जो माणूस शंका घेऊन जगूच शकत नाही, त्याला आयुष्यात केव्हातरी कुणीतरी इयागो भेटणारच होता. ब्रॅबान्शिओने तर लग्नाच्याच रात्री सुरुवात केली होती.

पिंपळपान, तुम्ही पुन्हा करणार आहात का हे प्रवेश? शेवटच्या प्रवेशात इयागोचं काय करता? ऑथेल्लो विचारतो की या सैतानाने माझा आत्मा आणि देह असा का जाळ्यात पकडला, आणि इयागो म्हणतो, मला काही विचारू नका, जे ठाऊक आहे ते ठाऊक आहे, यापुढे मी शब्द बोलणार नाही. इतका वेळ बोलत असलेला माणूस एकदम मुका होतो. त्यानंतर ऑथेल्लोचं लांब भाषण आहे, आत्महत्या आहे. तेवढा वेळ इयागोला कुठे उभा करायचा?

पिंपळपान

पुढच्या वेळी पाचवा अंक पुरा करायचं चाललंय. आमच्यात दोन मतं आहेत. दिग्दर्शिका म्हणते पहारेकऱ्यांमध्ये मागे, अंधारात ठेवायचा, म्हणजे सगळं लक्ष पलंगावर राहील. मी म्हणते पुढे आणा. व्हेनिसहून आलेला लोडोव्हिको त्याला सांगतो ना, त्या पलंगावरचं ओझं बघ, हे तुझं काम आहे. बघ म्हणतो, तर त्याला बघताना प्रेक्षकांना दिसायला हवा.

नेपथ्य

पुढेच आणा. आणि तुम्ही स्वतः एमिलिया म्हणून पलंगावर डेस्डेमोनाशेजारी पडलेल्या असाल, हे विसरू नका. तिने मरताना तेच मागितलंय, मला माझ्या बाईसाहेबांशेजारी ठेवा. बऱ्याच प्रयोगांत तिला कोपऱ्यात सोडून देतात. तसं करू नका.

पिंपळपान

नाही करणार. शेजारीच.